दर मंगळवारचं विमान

सत्काराला उत्तर देताना माणसाने जिभेला लगाम घालावा. हे शहाणपण श्यामकांत तेंडोलकरांना सुचलं खरं, पण अकरा वर्षं उशिरा सुचलं. तोवर त्यांच्या मुंबई-अहमदाबाद विमानाच्या वाऱ्या चारशेच्या वर गेल्या होत्या आणि त्यातल्या एकेका वारीत हा गृहस्थ जिवंतपणी मेला होता.

झालं होतं ते असं. साकीनाक्याला हर्षदशेठची व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी आहे. ऑफिस आणि छोटं वर्कशॉप इथे, मोठा कारखाना अहमदाबादला वटव्यात. श्यामकांत तिथे सुपरवायझरचे चढत चढत मॅनेजर झाले, तेव्हा शेठनी सगळा स्टाफ कॅन्टीनमध्ये जमवला, त्यांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि नारळावर एक पाकीट ठेवलं. पाकिटात विमानाचं तिकीट! "तेंडोलकर, आजपासून रात्रीच्या गाडीची दगदग बंद. दर मंगळवारी सकाळी विमानाने जायचं, रात्री विमानाने यायचं. माझा मॅनेजर आहात तुम्ही!" टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मग कुणीतरी म्हणालं, साहेब, दोन शब्द.

आता अशा वेळी माणूस दोन शब्दांवर कुठे थांबतो? श्यामकांतही नाही थांबले. म्हणाले, "विमानात बसायचं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. माझे वडील गिरणीत होते. त्यांनी आयुष्यात विमान बघितलं ते मान वर करूनच. आज शेठनी माझ्या वडिलांचंसुद्धा स्वप्न पुरं केलं." शेठचे डोळे भरून आले. पहिल्या रांगेत श्यामकांतांची बायको माणिक पदराने डोळे टिपत होती. वडिलांना असलं काही स्वप्न बिप्न नव्हतं. त्यांना सुट्टीत मालवणला जाऊन मासे गरवायचे असायचे, बस्स. पण बोललं की छान वाटतं, म्हणून बोलून गेले. तोवर श्यामकांत स्वतः विमानात एकदाही बसलेले नव्हते, ही त्यातली खरी मजा.

पहिल्याच मंगळवारी विमानाने धावपट्टी सोडली मात्र, श्यामकांतांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात जो धरला तो अहमदाबाद येईपर्यंत सोडला नाही. तो बिचारा सुरतेचा व्यापारी होता. उतरताना फक्त मनगट चोळत म्हणाला, "पहिल्यांदा?" श्यामकांत नाही म्हणाले. तिथून खोटं बोलायला जी सुरुवात झाली ती झालीच.

वाटलं होतं, होईल सवय. कसली होतेय! दर सोमवारी संध्याकाळी जेवण घशाखाली उतरेना. विमानात बसलं की ते डोळे गच्च मिटून पाढे म्हणायला लागायचे. वडिलांनी छडी घेऊन तिसापर्यंत पाठ करून घेतले होते, ते असे कामाला आले. ढगात विमान हललं की पाढा चढा व्हायचा. सतरा चोक अडुसष्ट, सतरा पंचे पंचाऐंशी. एकदा पावसाळ्यात विमान अहमदाबादवर अर्धा तास घिरट्या घालत राहिलं, तेव्हा तिसाच्या पाढ्यावर आले आणि तो संपल्यावर पुढे काय म्हणायचं ते कळेना, म्हणून पुन्हा बेपासून सुरू केलं. ऑफिसातली बरोबरची माणसं म्हणायची, "साहेब विमानातही हिशेब करत असतात." असं करत करत साहेबांचा दबदबा वाढत गेला.

घरी बोरिवलीला तर काही विचारू नका. "आमचे हे दर मंगळवारी विमानाने जातात" हे वाक्य माणिकने इमारतीतल्या एकाही बाईला ऐकवायचं बाकी ठेवलं नव्हतं. मंगळवारी पहाटे साडेतीनला उठून ती चहा करायची, गॅलरीत उभी राहून टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवायची. त्या हात हलवणाऱ्या बाईला सांगायचं काय? की बाई गं, मी जातो तो जीव मुठीत धरून जातो? श्यामकांतांच्या तोंडून ते कधी निघालंच नाही.

मग ती नवी गाडी आली. वंदे भारत. आणि थांबते कुठे, तर बोरिवलीला! श्यामकांतांच्या घरापासून स्टेशन रिक्षाने दहा मिनिटांवर. सकाळी बोरिवलीला चढायचं, दुपारच्या आत अहमदाबाद. विमान सव्वा तासात पोचवतं हे खरं, पण पहाटे चारला घर सोडा, विमानतळावर रांगा लावा, पट्टा काढा, बूट काढा, तिकडे उतरल्यावर पुन्हा टॅक्सी शोधा. सगळं धरलं तर फरक राहतो दीड-दोन तासांचा. बोरिवली-कांदिवलीच्या लोकांनी हा हिशेब महिनाभरात केला आणि धडाधड गाडीकडे वळले. सकाळच्या विमानात जिथे पूर्वी सीट मिळायची मारामार, तिथे ओळीच्या ओळी रिकाम्या दिसायला लागल्या. विमानवाले चरफडले. त्यांनी भाडी उतरवली, सँडविच फुकट दिलं, ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायला सुरुवात केली. आणि अजून बुलेट ट्रेन यायचीच होती! ती येईल तेव्हा येईल म्हणा.

हर्षदशेठनी ऑफिसात एक कागद फिरवला. ज्याला जे पाहिजे ते लिहा, विमान की गाडी. मृणालिनी म्हणून दहिसरची एक तरुण इंजिनिअर होती, तिने तर झटक्यात गाडी लिहिलं. ती आधीच दोनदा जाऊन आली होती आणि येता-जाता तेच पुराण लावायची. "सर, काय झकास गाडी आहे! पाय पसरून बसते, नाश्ता येतो, खिडकीतून शेतं बघत बघत कधी बडोदा येतं कळत नाही." श्यामकांत ते ऐकायचे, जसा डायबेटिसवाला मिठाईच्या दुकानाबाहेर उभा राहतो तसे. कागद त्यांच्यापुढे आला, पेन 'गाडी'च्या रकान्याकडे वळलं, आणि नेमकी ही मृणालिनी खांद्यावरून डोकावून म्हणाली, "सर काय, विमानच घेणार! सरांचं तर स्वप्न होतं ना ते!" झालं. पेन आपोआप सरकलं आणि विमानावर खूण करून मोकळं झालं. त्या दिवशी श्यामकांतांनी स्वतःला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण सगळ्या ऑफिसात गाडी सोडून विमानाला चिकटलेला हा माणूस विमान कंपनीच्या नजरेत भरला. गार्गी नावाची त्यांची एक हसतमुख अधिकारी होती, अंधेरीच्या ऑफिसातून कंपन्यांशी सौदे करायचं काम तिच्याकडे. तिने यादी काढली तर काय, एकाच मार्गावर एवढ्या वाऱ्या करणारा दुसरा प्रवासी नाही. ती धावतच हर्षदशेठकडे आली. म्हणाली, आम्ही तेंडोलकर साहेबांचा जाहीर सत्कार करतो, फोटो छापतो, आणि तुम्ही आमच्याशी वर्षाचा करार करा. दर मंगळवारची त्यांची सीट वर्षभर पक्की, जायची आणि यायची, भाडं जवळजवळ निम्मं. मात्र एकदा सही झाली की सीट परत नाही, बदलून नाही. शेठ गुजराती माणूस, निम्म्या भाड्याला नाही कशाला म्हणेल? दिवसही ठरला. शुक्रवारी चार वाजता, कॅन्टीनमध्ये, आधी सत्कार आणि लगेच सही.

श्यामकांतांना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी काय केलं असेल, तर गुणाकार. बावन्न आठवडे, दोन वेळा, म्हणजे एकशे चार उड्डाणं. रिटायर व्हायला चार वर्षं. पहिलं वर्ष पक्कं बांधलं गेलं की पुढची तीनही बांधली जाणार, शेठ काही स्वस्त तिकीट सोडणारा नव्हे.

बुधवारी ते धीर करून शेठच्या केबिनमध्ये गेले. "शेठ, त्या कराराबद्दल जरा—" एवढंच म्हणाले, तर शेठ उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले, "अरे तेंडोलकर, काही बोलू नका! बाकीचे सगळे पाय पसरायला आणि नाश्त्याला गाडीत गेले. तुम्ही वाघ आहात. माझी निवड चुकली नाही." वाघ मग चहा पिऊन बाहेर आला.

गुरुवारी रात्री जेवणानंतर माणिक नारायणपेठ साडीला इस्त्री करत होती. उद्यासाठी. तिने नाहूरच्या बहिणीला फोन केला होता, इमारतीच्या ग्रुपवर टाकलं होतं, गजराही सांगून ठेवला होता. "अगं माणिक," श्यामकांत म्हणाले. "काय हो?" ती वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर अशी काही खुशी होती की हे म्हणाले, "इस्त्री जपून कर, जरीला लागेल." आणि जाऊन पंख्याकडे बघत पडले.

शुक्रवार उजाडला आणि चारही वाजले. कॅन्टीनमध्ये फुगे, बटाटेवडे आणि मागे विमानाचं चित्र असलेला मोठा फलक. टेबलावर कराराची फाईल, तिच्यावर शेठचं पेन. गार्गीने शाल घातली, नारळ दिला, काचेचं छोटं विमान हातात ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आजकाल लोक म्हणतात, गाडी आली आता विमानाचं काय काम? त्यांना आमचं उत्तर म्हणजे तेंडोलकर सर! सर, तुम्ही विमानच का निवडता ते तुमच्याच शब्दांत ऐकू दे." शेठनी टाळ्या वाजवत वाजवत पेनाचं टोपण काढलं.

श्यामकांत माइकसमोर आले. समोर माणिक बसली होती, तिची मान अभिमानाने थोडी वाकडी झालेली. भाषण तयार होतं. विमान म्हणजे वेळेची बचत, विमान म्हणजे प्रगती, असली चार वाक्यं त्यांनी टॅक्सीत पाठ केली होती. "सन्माननीय हर्षदशेठ," ते म्हणाले, "आणि माझ्या सहकाऱ्यांनो." पुढचं वाक्य येईना. शेठचं पेन कागदाला टेकलेलं त्यांना दिसत होतं. आता बोललो नाही तर एकशे चार, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि तोंडातून जे आलं ते मराठीही नव्हतं, आईशी बोलायचे ती मालवणी होती.

"माका भय वाटता हो," श्यामकांत म्हणाले. "विमानाचा. लय भय वाटता."

लोकांना वाटलं साहेब विनोद करतायत. दोघं-तिघं हसले. श्यामकांतांनी काचेचं विमान टेबलावर ठेवलं. फाईलवर, शेठच्या पेनाखाली, आपला हात आडवा ठेवला, आणि मग कुणी हसलं नाही.

"शेठ, सही करू नका," ते म्हणाले, आता मराठीत. "अकरा वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून घाबरतो मी. विमानात हिशेब करत नाही, पाढे म्हणतो, लहान पोरासारखे. तुम्ही एवढ्या मानाने तिकीट दिलंत, मी बोलून बसलो की स्वप्न होतं. कसलं स्वप्न? बोलायला पाहिजे म्हणून बोललो. मग तोंड उघडायची लाज वाटली. आता तुम्ही मला वाघ म्हणा नाहीतर शेळी म्हणा, वटव्याचं काम काढून घ्या पाहिजे तर. पण मला त्या विमानात आता नका बसवू. हात जोडतो."

आणि खरंच त्यांनी हात जोडले. शाल खांद्यावरून घसरली ती उचलायचंही भान राहिलं नाही.

हर्षदशेठनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "तेंडोलकर, मी तुम्हाला मान द्यायला गेलो आणि अकरा वर्षं शिक्षा दिली?" त्यांनी शाल उचलून पुन्हा श्यामकांतांच्या खांद्यावर घातली. "एकदा सांगायचं ना, भला माणूस! मी काय खाल्लं असतं तुम्हाला? आणि काम कशाला काढून घेऊ? वटव्याचे व्हॉल्व्ह काय हवेत तपासता तुम्ही?" यावर मात्र सगळे हसले, आणि ते हसणं असं होतं की श्यामकांतांनाही हसू फुटलं. छातीवर ठेवलेलं गहू दळायचं जातं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं त्यांना वाटलं. मृणालिनी पुढे येऊन म्हणाली, "सॉरी सर, मी त्या दिवशी उगाच बोलले. माझी सीट खिडकीची असते, ती तुम्ही घ्या."

गार्गी बिचारी नारळासारखा चेहरा करून उभी होती. तिचा करार हवेत विरला होता आणि फलकावरच्या विमानाकडे बघवत नव्हतं. श्यामकांत तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "पोरी, तुझं नुकसान केलं मी." ती म्हणाली, "नाही हो काका. पण एक सांगू? विमान सोडून गाडीकडे गेलेल्या प्रत्येकाला आम्ही विचारतो, का गेलात. भाडं, वेळ, सामान, नाश्ता, सगळे रकाने आहेत फॉर्ममध्ये. भीतीचा रकानाच नाही. तुमच्यासारखे अजून किती असतील, देव जाणे." शेठनी मग खरेदी विभागात नुकत्याच आलेल्या दोघांच्या नावावर तो करार केला, ज्यांना खरंच विमान आवडायचं. गार्गीच्या जिवात जीव आला आणि तिने दोन वडे खाल्ले.

राहिली माणिक. साकीनाक्याहून रिक्षा केली, त्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकले, तरी बोलली नाही. शेवटी श्यामकांत म्हणाले, "तुला मान खाली घालायला लावली मी, माहितेय मला."

"मान गेली खड्ड्यात!" माणिक एकदम उसळली. "अकरा वर्षं! मी त्या गॅलरीत उभं राहून हसत हसत हात हलवायची आणि तुम्ही टॅक्सीत बसून मरायचात! मला सांगायला काय झालं होतं? मी कोण, शेठ आहे की विमान कंपनी?"

"तू सगळ्यांना सांगत होतीस गं. किती खुश असायचीस."

"तुम्ही खुश आहात म्हणून मी खुश होते हो! नाहीतर मला काय करायचंय विमान?" आणि ती रडायलाच लागली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि मुद्दाम हॉर्न वाजवला. श्यामकांतांनी तिचा हात हातात घेतला. हा हात त्यांनी घाबरून धरला नव्हता, एवढं तिलाही कळलं असावं, कारण तिने तो जोगेश्वरी येईपर्यंत काढून घेतला नाही.

मंगळवारी ते गाडीने निघाले. मंगळवारी जायचं, कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर राहायचं, बुधवारी दुपारच्या गाडीने परत, असं ठरलं होतं. मृणालिनी आदल्या दिवशीच गेली होती, म्हणून खिडकी त्यांनाच मिळाली. बोरिवली सुटलं. वसईची खाडी आली, मिठागरं गेली. नाश्ता आला तो त्यांनी सगळा खाल्ला, वर शेजाऱ्याने नको म्हणून ठेवलेला पावही मागून घेतला. वापी कधीतरी गेल्याचं त्यांना आठवत होतं. त्यानंतरचं काही आठवत नव्हतं.

"अंकल, उठो. गाडी खाली हो गयी." साफसफाईचा माणूस त्यांचा खांदा हलवत होता. श्यामकांत दचकून उठले. डबा रिकामा. बाहेर पाटीवर लिहिलं होतं, गांधीनगर. गाडीचं शेवटचं स्टेशन. अहमदाबाद मागे राहून तासभर होत आला होता! फोनवर कारखान्याचे सात मिस्ड कॉल आणि मृणालिनीचा एक मेसेज, 'सर, कुठे आहात?'

त्यांनी आधी शेठना फोन लावला. खरं सांगायची आता सवयच लागली होती. "शेठ, झोप लागली. अहमदाबाद गेलं. गांधीनगरला आहे." पलीकडे शेठ असे खो-खो हसले की त्यांना ठसका लागला. "झोपा, झोपा," ते म्हणाले. "अकरा वर्षांची बाकी आहे तुमची."

मग त्यांनी माणिकला लावला. "अगं, गंमत झाली. मी झोपलो. सुरत नाही बघितलं, बडोदा नाही, अहमदाबाद नाही, सरळ गांधीनगर."

पलीकडून नुसताच बारीकसा आवाज आला.

"हसतेयस ना?"

"नाही," माणिक म्हणाली. तिला नाक ओढायला थोडा वेळ लागला. "झोपलात ना नीट? मग बरं झालं. उद्या येताना तेवढं जागे राहा. नाहीतर बोरिवली मागे टाकून मुंबई सेंट्रलला जाऊन बसाल, आणि मी इथे स्टेशनवर उभी राहीन."